फियॉर्ड म्हणजे खाडी नव्हे

मा. संपादक, स. न. वि. वि.

नॉर्वेवरील आपल्या प्रवासलेखात सोग्नेफियॉर्डला ‘समुद्राने कोरलेली खाडी’ म्हटले आहे, ते दुरुस्त व्हावे. कोकणातील खाड्या म्हणजे समुद्राची पातळी वाढल्याने बुडालेली नदीमुखे. फियॉर्ड मात्र हिमनदीने तळातले दगड उपटून, त्याच दगडांनी खडक कानशीसारखा घासत खोदलेला असतो आणि बर्फ हटल्यावर तेथे समुद्र शिरतो. जाड बर्फ समुद्रसपाटीखालीही खोदत राहतो, म्हणूनच सोग्नेफियॉर्ड १,३०० मीटरहून खोल आहे; मुखापाशी, जेथे बर्फ पसरून पातळ झाला, तेथे मात्र खडकाचा उंबरठा दोनशे मीटरांच्या आतच लागतो. लाटांना असा उलटा उतार कोरता येत नाही. लेखासोबतच्या छायाचित्रात हिमनदीच्या घासण्याचे कातळावरचे समांतर ओरखडेही स्पष्ट दिसतात.

— एक वाचक, रत्नागिरी