फार्मव्हिलची बार्बरा

रिचमंड, व्हर्जिनिया

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतील वर्णभेदी शाळांविरुद्धच्या लढ्याच्या जुन्या छायाचित्रांत मुलीच इतक्या का दिसतात, असे तू परवा विचारलेस. त्या वेळी मी घाईत काहीतरी सांगून मोकळी झाले, म्हणून आता नीट लिहिते.

त्या दिसतात, कारण त्या खरोखरच संख्येने अधिक होत्या. १९५७ साली आर्कान्सा राज्यातील लिटल रॉकच्या, तोवर गोऱ्यांच्याच असलेल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये दाखल झालेल्या नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सहा मुली होत्या, आणि १९६० साली न्यू ऑर्लिन्समध्ये गोऱ्यांच्या दोन शाळांची पायरी प्रथम चढलेल्या चारही जणी सहा वर्षांच्या मुली होत्या. गोऱ्यांच्या घोळक्यातही तोल न ढळू देण्याची शिस्त मुलींना घरातूनच लागलेली असे, म्हणून त्यांना पुढे केले गेले, असे एक स्पष्टीकरण देतात. मला ते अपुरे वाटते, कारण बार्बरा जॉन्सला कोणीही पुढे केले नव्हते.

आपल्या व्हर्जिनियातल्याच फार्मव्हिल येथील कृष्णवर्णीयांची मोटन हायस्कूल १८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेली होती. तेथे दुपटीहून अधिक मुले शिकत आणि जादा वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत भरत. सोळा वर्षांच्या बार्बराने मोजक्या सोबत्यांना हाताशी धरून गुपचूप बेत आखला. २३ एप्रिल १९५१ रोजी, तुमचे विद्यार्थी बसस्थानकावर अडचणीत सापडले आहेत, असा खोटा निरोप फोनवर देऊन मुख्याध्यापकांना शाळेबाहेर पाठवण्यात आले, सर्व वर्ग सभागृहात जमले, आणि पडदा सरकला तेव्हा व्यासपीठावर बार्बरा उभी होती. (खोटे बोलू नये, हे तुला मीच शिकवले, या खोट्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही.) सुमारे साडेचारशे विद्यार्थी संपावर गेले.

त्यांची मूळ मागणी केवळ चांगल्या इमारतीची होती. वर्णभेदालाच आव्हान देणार असाल तर खटला चालवू, अशी अट एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या वकिलांनी घातली, आणि ती मान्य झाली. डोरोथी डेव्हिस या शाळकरी मुलीच्या नावाने दाखल झालेला हा खटला पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या ब्राउन निकालात समाविष्ट झाला. सार्वजनिक शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या त्या निकालात पाच खटले एकत्र केलेले होते. त्या पाच खटल्यांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून उभा राहिलेला हा एकच.

आई म्हणून मी अडखळते ती यापुढे. धमक्यांच्या भीतीने आईवडिलांनी बार्बराला अलाबामात, मॉन्टगोमेरीला, काका व्हर्नन जॉन्स यांच्याकडे धाडले. लिटल रॉकच्या पंधरा वर्षांच्या एलिझाबेथ एकफर्डच्या घरी तर फोनच नव्हता. सर्वांनी एकत्र जायचे ठरल्याचा निरोप तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही, आणि ती पोर शाळेबाहेरच्या गोऱ्यांच्या जमावातून एकटी चालत गेली. त्या सकाळी मी तुला उंबरा ओलांडू दिला असता का, याचे उत्तर मला अजून देता येत नाही.

निकालानंतरही बार्बराच्या परगण्याने १९५९ पासून पाच वर्षे सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, कृष्णवर्णीय मुलांची वर्षे वाया गेली.

मोटनच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. सुट्टीला आलीस की जाऊ. येथून गाडीने सव्वा तासाची वाट आहे, आणि ते सभागृह अजून तेथेच आहे.

तुझी,
आई