फोडणीचा भात चालेल, गोळी बंद चालणार नाही

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी तुम्ही बंद केलेल्या कोलेस्टेरॉलच्या गोळीचं. ती आज रात्रीपासून पुन्हा सुरू करायची. डॉक्टरांशी बोलले आहे, स्वयंपाकाच्या मावशींनाही सांगून झालंय. गोळी सोडल्यावर ठाण्याच्या काकांचं काय झालं ते पुन्हा काढत नाही, पण ते डोक्यात आहेच.

रागावू नका. शिळ्या भातातला स्टार्च पचत नाही, त्याने कोलेस्टेरॉल उतरतं, मग गोळी कशाला, असं जे तुम्हाला व्हॉट्सॲपवर आलंय ते अगदीच खोटं नाही, अर्धवट आहे. शिजलेला भात फ्रीजमध्ये गार झाला की त्यातला थोडा स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो आणि लहान आतड्यात पचत नाही. फोडणीला टाकला तरी बराचसा तसाच राहतो. पण किती? १०० ग्रॅम ताज्या भातात अर्धा-पाऊण ग्रॅम, गार करून गरम केलेल्यात दीडेक ग्रॅम. त्याने जेवणानंतरची साखर जरा कमी चढते, एवढंच.

एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, उतरवायचं काम पाण्यात विरघळणाऱ्या तंतूंचं. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवतं. ते जेवणाबरोबर आतड्यात उतरतं आणि बहुतेक सगळं परत शोषलं जातं. इसबगोल, जव, ओट्स पाण्यात बुळबुळीत होतात, त्यात थोडं पित्त अडकून बाहेर जातं. मग नव्या पित्तासाठी यकृत रक्तातलं एलडीएल उचलतं. भातातल्या त्या स्टार्चचा असा गर होत नाही, गव्हाच्या कोंड्याचाही नाही. कोंड्याने पोट साफ होतं, रिपोर्ट नाही.

तुमचं एलडीएल १५०. रोज १० ग्रॅम इसबगोलाने साधारण ७ टक्के, म्हणजे १० उतरेल. गोळीने ३० टक्क्यांच्या वर. म्हणून दोन्ही घ्यायचं.

इसबगोल मंडईजवळच्या आपल्या दुकानातून आणा, साधी भुशी, साखरवाली नको. पहिला आठवडा रोज एकच चमचा, मग हळूहळू वाढवा. एकदम वाढवलंत तर पोट फुगेल आणि चौथ्या दिवशी डबा माळ्यावर जाईल, मी ओळखते तुम्हाला. वाढवून झालं की काट्यावर ५-५ ग्रॅम मोजून दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधी. मोठा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, मिनिटभर ठेवलं की खीर होते. वर आणखी पाणी. कोरडं तोंडात टाकू नका, घशात फुगून अडकतं. रात्रीची गोळी त्यानंतर दोन तासांनी. आई, तुझी थायरॉईडची सकाळी असते, तू इसबगोल फक्त रात्री घे.

मटकी, चवळी, राजमा यांची वाटीभर उसळ रोज. कणकेत चौथा हिस्सा जवाचं पीठ. पोळी जरा ताठ होईल, कोमट पाण्यात मळून अर्धा तास झाकून ठेव.

फोडणीचा भात बंद करत नाहीये. तापात मऊ भात भरवून, लिमलेटचं आमिष दाखवून मला औषध गिळायला लावणाऱ्या माणसाचं ताट मी कशाला काढून घेईन? फक्त आई, रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायची सवय मोड. त्यात जंतू वाढून जे विष तयार करतात ते फोडणीनेही जात नाही. तासाभरात पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्याच दिवशी संपवायचा.

सहा आठवड्यांनी रक्त तपासायचंय. तारीख कालनिर्णयावर लिहून ठेवा, मी फोन करेनच.

तुमची,
मनू