शिरगावच्या काकींना, नाशिकहून

काकी, नमस्कार. फोनवर बोललो तेव्हा नीट थँक्यू पण म्हणता आलं नाही, आई मधेच फोन घेत होती, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

आम्ही नाशिककर कोकण म्हटलं की सरळ अलिबाग नाहीतर दापोली गाठतो. त्र्यंबक, जव्हार, विक्रमगड, मनोर करत पालघरला उतरलं की समुद्र येतो हे माहीत असून तिकडे कोणी जात नाही. आम्ही पहिल्यांदाच निघालो आणि शिरगावात शिरता शिरता गाडीचा क्लच गेला, संध्याकाळचे पाच, मेकॅनिक म्हणे उद्या सकाळी, आणि आईचे गुडघे धरलेले. तुम्ही अंगणातून बघितलंत आणि नाव-गाव काही न विचारता म्हणालात, "आधी आत या, चहा घ्या, गाडी कुठे पळत नाय." काकी, आई त्या वेळी रडायच्या बेतात होती, तुम्हाला ते दिसलं असणार.

त्यात तो मार्गशीर्षातला गुरुवार. मी पापलेट खायला आलेलो आणि आईचा उपास, तिला रात्री काय मिळणार याचंच मला टेन्शन. पण तुमच्याकडेही गुरुवार होता! तुम्ही ती उकडहंडी केलीत, कोनफळ, रताळी, वालपापडी, वांगी सगळं हिरव्या वाटणात घोळून मंद आचेवर वाफेवरच शिजवलेलं, आणि झाकण काढल्यावर कोनफळाचा तो जांभळा रंग आणि वास... सोबत तांदळाची भाकरी. आईने दोनदा मागून घेतलं, ती कोणाच्या घरी मागून घेत नाही हो.

सकाळी काकांनी किल्ला दाखवला. पोर्तुगीजांचा हा कोट चिमाजीअप्पांच्या मोहिमेत १७३९ साली मराठ्यांकडे आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली, हे शाळेत वाचलेलं पण तेव्हा डोळ्यासमोर फक्त वसई असायची, केळवे, माहीम, तारापूर, शिरगाव ही नावं आम्ही कधी लक्षातच घेतली नाहीत. आणि आतला तो रावणमाड! एका खोडाला एवढे फाटे फुटलेलं माडासारखं झाड मी जन्मात पाहिलं नव्हतं. काका बुरुजावर हात ठेवून बोलत होते, जसं घराच्या भिंतीबद्दल बोलावं तसं.

मग मेकॅनिकची वाट बघत बसण्यापेक्षा चला म्हणून तुम्ही सातपाटीला, जवळच्या मासळी बंदरावर नेलंत. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला ते पेपरात वाचलं होतं, पण मला लक्षात राहिले ते बोंबील, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने बांबूवर वाळत घातलेले, ओळीच्या ओळी. आमच्या बाजारात ढिगात विकायला असतात त्याच्यामागे इतकी हाताची कामं असतात हे मला कळलं नव्हतं. तुम्ही ओले बोंबील घेतलेत, रव्यात तळून दिलेत आणि निघताना सुक्यांची पिशवी डिकीत टाकलीत. पैसे काढले तर रागावलात.

काकी, त्या रात्री तुम्ही दार उघडलं नसतं तर मी आईला घेऊन कुठे गेलो असतो माहीत नाही. मनापासून आभार, काकांचेही.

पिशवीतले अर्धे बोंबील शेजारी वाटले. द्राक्षं गोड झाली की पेटी घेऊन स्वतः येतोय, आई पण येणारे, आणि तिने निरोप दिलाय की वाटणात ओवा किती घालायचा ते तेवढं फोनवर सांगा, आमचं दोन वेळा कडू झालं.