वजनाचा तक्ता वर्गात नको

शाळकरी मुलांच्या लठ्ठपणावरील लेखात दर महिन्याचे वजन वर्गात तक्त्यावर लावण्याची सूचना वाचली. तिला माझा ठाम विरोध आहे. वजनावरून चारचौघांत होणारी चेष्टा खाण्याच्या विकारांना खतपाणी घालते. शिवाय तक्त्यात हे विकार अनेकदा दिसतच नाहीत. बुलिमियात, म्हणजे भरमसाट खाऊन मग ते मुद्दाम उलट्या करून वगैरे बाहेर काढण्याच्या विकारात, वजन बहुधा सर्वसाधारण असते. पण वारंवारच्या उलट्यांनी रक्तातले पोटॅशियम घटते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ‘थेरं आहेत, भूक लागली की जेवेल’ म्हणत घरचे महिनेच्या महिने घालवतात. भरलेला डबा तसाच परत येणे, ताटावरून उठताच बाथरूमचे दार लावून नळ सोडणे, याकडे पालकांचे लक्ष हवे. मनोविकारतज्ज्ञ, फिजिशियन आणि आहारतज्ज्ञ यांचे एकत्रित उपचार लागतात. किशोरवयीनांमध्ये, विशेषतः वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळण्याच्या विकारात, म्हणजे अ‍ॅनोरेक्सियात, आईवडिलांना सोबत घेणाऱ्या उपचारांचा चांगला गुण येतो. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण त्या नावालाच अनेक जण बिचकतात. त्यांनी निदान ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा, तिथे मराठीतूनही बोलता येते. शाळांनी हा क्रमांक विद्यार्थ्यांच्या डायरीत छापावा.

– एक पालक, नौपाडा, ठाणे