अफगाण चर्च: काचांबरोबर नावांचाही शोध घ्या

महोदय,

कुलाब्याच्या अफगाण चर्चचा विषय निघाला की बोलणे शिखर आणि रंगीत काचा यांवरच संपते. काचा आहेतच तशा. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या मोठ्या खिडक्या विल्यम वेल्स या इंग्रज कारागिराच्या. चेहऱ्यांच्या रेघा काचेवर रंगवून भट्टीत भाजायच्या आणि मग एकेक तुकडा शिशाच्या पट्टीत बसवायचा, असे ते काम. मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि पावसात शिसे थकते, तावदान फुगते. त्यांच्या डागडुजीवर पैसा खर्च व्हायलाच हवा.

पण हे चर्च मुळात स्मारक आहे. सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत 1835 ते 1843 या काळात मेलेल्या ब्रिटिश फौजेतल्या सैनिकांसाठी ते बांधले आणि 1858 मध्ये खुले झाले. आतल्या लेखात अधिकाऱ्यांची नावे आहेत. बाकीचे हवालदार-शिपाई इतके की त्यांची नावे नोंदवता येत नाहीत, असे तिथेच लिहून मोकळे झाले आहेत! शिपाई गोरे की आपले, तेही सांगितलेले नाही.

जानेवारी 1842 मध्ये काबूल सोडून माघारी निघालेल्या ब्रिटिश फौजेच्या सुमारे 4500 सैनिकांत गोरे जेमतेम 700 होते. ती फौज मुख्यतः कंपनी सरकारच्या बंगाल लष्कराची. पण मुंबई लष्करही या मोहिमांत होते. बलुचिस्तानातल्या काहनच्या किल्ल्यात 1840 मध्ये वेढा सोसून टिकून राहिली ती मुंबईची पाचवी पलटण, म्हणजे आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची ‘काळी पाचवी’. चर्च पाहून बाहेर पडणाऱ्या किती मराठी माणसांना हे ठाऊक असते?

कंपनी सरकारला शिपायांची नावे कोरण्याचे वावडे होते म्हणावे, तर कोरेगाव भीमाचा स्तंभ त्याच्या आधीचा. त्यावर देशी शिपायांची नावे आहेत आणि मजकूर मराठीतही आहे. तिथली संख्या लहान होती, हे मान्य. तरी ‘फार होते म्हणून लिहिले नाहीत’ हे कारण आज, संगणकाच्या काळात, चालवून घेण्याचे कारण नाही.

कंपनीचे दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आपले राज्य पुराभिलेखागार तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, चर्चपासून बसने काही थांब्यांवर. तिथे हजेरीपट, पेन्शनचे कागद, पलटणींचा पत्रव्यवहार असे जे हाती लागेल ते इतिहासाच्या विद्यार्थ्यांकडून तपासून घ्यावे. काचांसाठी देणगी देणाऱ्यांनी त्यातला थोडा वाटा या कामाला द्यावा, आणि चर्चच्या व्यवस्थापनाने आत मराठी फलकासाठी ठळक जागा द्यावी. मूळ लेखाला हात लावू नये. तो जसा आहे तसा राहणेच बरे. नवा फलक त्याच्या शेजारी असावा. दहाच नावे मिळाली तर दहाच लावावीत.

आपला,
एक वाचक, परळ, मुंबई