मनू, आधी हळू पळायला शीक

मनू,

फोनवर तू ऑफिसच्या गडबडीत होतीस म्हणून आता निवांत लिहायला बसलोय. आईला वाटतंय मी तुला नको म्हणणार, तर तसं काही नाही, फेब्रुवारीतल्या लोणावळ्याच्या 50 किलोमीटरच्या अल्ट्रा रेसचा फॉर्म भरलास, चांगलं केलंस. पण स्ट्राव्हाचे, त्या पळणं मोजायच्या ॲपचे, जे स्क्रीनशॉट पाठवालीस ना त्यावर मला बोलायचंय. रोज 10 किलोमीटर साडेपाचच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला साडेपाच मिनिटं, रविवारी 21 तेही त्याच पेसने, हार्ट रेट दरवेळी 175 च्या वर, आणि खाली तुझे मित्र आगीचे इमोजी टाकालेत. अगं रोजच परीक्षा देत बसलीस तर अभ्यास कधी करणार?

अल्ट्रा म्हणजे मॅरेथॉनच्या 42.195 च्या पुढचं काहीही, त्यात 50 ही लहानातली. पण तिथं तुझ्या 10 चा टाइम कुणी विचारत नाही. आठवड्यातलं साधारण 80 टक्के पळणं इतकं हळू पाहिजे की शेजारी पळणाऱ्याशी अख्खं वाक्य बोलता यावं, मध्ये धाप न लागता. हळू आणि लांब पळल्यानं स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, शरीर चरबी वापरायला शिकतं आणि साठवलेली साखर जास्त वेळ पुरते. आणि दुसरं म्हणजे दम पटकन वाढतो, टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, आणि हाडं मात्र महिनोन्‌महिने घेतात, म्हणजे छाती म्हणते चल आणि नडगी म्हणते थांब, नव्या लोकांच्या दुखापती बहुतेक ह्यातच होतात.

तू म्हणशील ह्यात मेंटल टफनेस, डोक्याचा कणखरपणा, कुठं आला. इथंच आला की. सकाळी होटगी रोडला मी आपला आठच्या पेसने जात असतो, मागनं कॉलेजची पोरं येतात, "काका, चला की जोरात" म्हणत पुढं जातात, आणि माझ्या पायात तेव्हा जोर असतो बरं का, निदान पुढच्या सिग्नलपर्यंत तरी गाठीन त्यांना. तरी आठ सोडायचा नाही. खरं सांगू का, मला हे 50 च्या शेवटच्या टप्प्यापेक्षा अवघड जातं. तिथं लोक टाळ्या वाजवत असतात, मेडल दिसत असतं, सगळेच शूर होतात. मंगळवारी पहाटे, आदल्या रात्री कारखान्यातनं उशिरा आलेलो असताना, ठरलेले 8 किलोमीटर करून परत फिरायचं, नऊ नाही आणि सातही नाही, तिथं डोकं तयार होतं.

व्हॉट्सॅपवर तू तो ऑस्ट्रेलियाचा बटाटेवाला शेतकरी पाठवलास, क्लिफ यंग, 1983 ला वयाच्या 61 व्या वर्षी सिडनी ते मेलबर्न 875 किलोमीटर 5 दिवस 15 तासांत पळून पहिला आला तो. गोष्ट खरी आहे. पण फॉरवर्डमध्ये तो असा दाखवतात की गमबूट घालून सहज आला आणि जिंकला. त्याआधी त्यानं महिनोन्‌महिने सराव केलता आणि 1000 मैलांच्या रेकॉर्डचा प्रयत्नसुद्धा करून झालता, ते कुणी लिहीत नाही. फॉरवर्डवाल्यांना मेहनत नको, चमत्कार पाहिजे.

तुझ्यासारख्या नोकरीवालीला एका दिवशी 45 पळायची काही गरज नाही. शनिवारी 25 आणि रविवारी सकाळी त्याच जड पायांवर 15, ह्याला बॅक-टू-बॅक म्हणतात, शेवटच्या तासात पाय कसे लागतात ते ह्यात कळतं आणि सोमवारी ऑफिसला जाता पण येतं. तीन आठवडे वाढवायचं, चौथ्या आठवड्यात कमी करायचं. रेसच्या आधीचे दोन-तीन आठवडे पळणं उतरवत न्यायचं, तेव्हा तुला वाटेल की सगळा फिटनेस चालला, चिडचिड होईल, होऊ दे.

चढ-उताराचं मात्र मनावर घे. आपलं सोलापूर सपाट, मला चढ पाहिजे तर उड्डाणपुलावर वर-खाली करावं लागतं आणि रिक्षावाले बघून हसतात. तुझ्याकडं सिंहगड आहे, वेताळ टेकडी आहे. लोक चढाचाच सराव करतात, पण मांड्या फोडतो तो उतार, कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. आधी उतारावर थोडंफार पळून ठेवलेलं असलं की पुढचे काही आठवडे त्याच उताराला पाय तेवढे दुखत नाहीत. आणि चढ चालायचा, लाज वाटून घ्यायची नाही, पहिल्या चढापासून चालायचा.

आजी कोजागिरीला तुळजापूरला चालत जायची ते तुला आठवत असेल, सोलापूरपासून 45 किलोमीटर म्हणजे मॅरेथॉनपेक्षा जास्त, तेही रात्रभर, पायात साधी चप्पल. त्या गर्दीत तुळजापूर अजून किती राहिलं असं विचारणारी नवी माणसं असतात, तीच आधी खचतात. जुन्या बायका वाटेवरच्या गावांची नावं घेऊन म्हणायच्या, उळ्यात बसायचं नाही, चहा तामलवाडीत. बास, तेवढंच डोक्यात. रेसमध्ये मी हेच करतो, पुढचं एड स्टेशन, म्हणजे वाटेतलं खाण्यापिण्याचं टेबल, तिथं मिठाचा बटाटा, मग पुढचं पुढं.

दक्षिण आफ्रिकेचा टिम नोक्स म्हणून शास्त्रज्ञ आहे, तिथली कॉम्रेड्स रेस, जी 1921 पासून चालू आहे आणि साधारण 90 किलोमीटरला 12 तासांत संपवावी लागते, ती तो स्वतः अनेकदा पळलाय. त्याचं म्हणणं थकवा हा नुसता पायात नसतो, शरीर खरंच संपायच्या बरंच आधी मेंदू ब्रेक लावतो. सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटत नाही, पण फिनिशची कमान दिसल्यावर मेलेले पाय कसे पळायला लागतात ते मी बघितलंय, तो जोर काय आकाशातनं पडला का?

पण म्हणून प्रत्येक दुखणं खोटं समजू नको हां. सगळीकडं पसरलेलं जडपण, कंटाळा, रडू येणं, हे येतं आणि जातं, बऱ्याचदा खाल्लं की जातं. एकाच जागी टोचणारं आणि चाल बदलायला लावणारं दुखणं, लघवी कोकसारखी काळी, चक्कर, बोलण्यात गोंधळ, ह्यातलं काही झालं तर बिब, छातीवरचा रेसचा नंबर, काढायचा आणि बसायचं. पेनकिलर घेऊन पळायचं नाही, ब्रुफेनवगैरे तर अजिबात नाही, पाणी कमी असताना त्या गोळ्या किडनीवर येतात. आणि भीतीनं लिटर-लिटर साधं पाणी पण प्यायचं नाही, रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तसं प्यायचं.

खाण्याचं तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्बोहायड्रेट धर, भूक लागायची वाट बघायची नाही, पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापासूनच सुरू. मी आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खिशात घालून एकदा निघालतो, मोठ्या अभिमानानं, तर 30 च्या पुढं तोंडात थेंबभर लाळ नाही, भाकरीचा भुगा टाळूला चिकटून बसला आणि तो गिळायला निम्मी बाटली गेली. शेंगा चवीला भारी पण चरबी जास्त, पोटात पडून राहतात. आता उकडलेले छोटे बटाटे मीठ लावून, बिया काढलेला खजूर, गूळ-लिंबू-मिठाचं पाणी. तुला पाकिटातले गोड एनर्जी जेल चालत असतील तर जेल घे, पण लाँग रनला चारदा घेऊन बघ, रेसच्या दिवशी नवीन काही नको, मोजेसुद्धा नकोत.

अजून एक, बाप आहे म्हणून लाजत बसत नाही. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेलं लोह, पण तपासून घे, आणि पळणं वाढल्यावर पाळी लांबायला किंवा चुकायला लागली तर बरं झालं कटकट गेली असं म्हणू नको, खाणं कमी पडालंय त्याची ती खूण असते, पुढं हाडांवर येतं. डॉक्टरला दाखव, आईला सांग, मला सांगितलंस तरी चालेल.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला येशील तेव्हा शनिवारी पहाटे चारला अक्कलकोट रोडने निघू, स्वामींच्या देवळापर्यंत 38-40 होतात, तुझा सगळ्यात मोठा रन तोच धर. आठच्या पेसने, दोघं बरोबर. येताना एसटी. पुढं पळालीस तर तिकीट तुझं तू काढ.

तुझा,
अप्पा