रात्री दोन वाजता आलेले तुझे साहेब

सातारा, सोमवार

चि. निखिलला अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतास, त्यात आई मागून बोलत होती. काहीच धड सांगता आलं नाही. तसंही मला लिहायला बसल्याशिवाय सरळ सांगता येत नाही. सगळा जन्म एसटीत लॉगशीटवर वेळा टाकण्यात गेला.

शनिवारी रात्री एक वाजून पाच मिनिटांनी तुझा फोन आला. ‘बाबा, आमचा मॅनेजर शेंद्र्याजवळ अडकलाय, सायकल आहे, आणता का?’ खरं सांगतो, मनात आलं, हाच ना तो, स्वतः झोपत नाही आणि आम्हालाही झोपू देत नाही म्हणून गेली दोन वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडतोस? पण रात्रीच्या वेळी हायवेवर माणूस अडकलाय म्हटल्यावर बाकी काही विचारायचं नसतं. शेजारच्या आप्पांना उठवलं, त्यांचा छोटा हत्ती काढला आणि गेलो.

ढाब्याच्या बाकावर बसले होते. अंगात चमकणारं जाकीट, पाय खाली सोडलेले, सायकल भिंतीला टेकवलेली, दिवे बंद केलेले. मला बघून उठायला गेले आणि परत बसले. पोरानं चहा आणला तेव्हा कप बोटांनी धरताच येईना. दोन्ही तळव्यांत दाबून धरला, लहान मुलं दुधाचा पेला धरतात तसा. अठरा-एकोणीस तास हँडलवर भार टाकला की करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट बधिर होतं म्हणे. आणि संध्याकाळपासून पोटात काही ठरत नव्हतं, पाणीसुद्धा उलटून पडत होतं.

तू त्यांना सरळ अमोल म्हणतोस. त्यांनी मलाही दोनदा सांगितलं, ‘काका, नुसतं अमोल म्हणा.’ नाही जमलं. साहेबच म्हणालो.

आईने मऊ भात, तूप-मीठ दिलं. चार घास पोटात राहिले, मग बोलू लागले. मला वाटलं होतं, शर्यत असेल. शर्यत नाहीच. ब्रेव्हे म्हणतात. पहिला-दुसरा कोणी नसतो, ठरलेल्या वेळेत पोचायचं, बस. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. एका हंगामात हे चारही पुरे केले की ‘सुपर रँदोनर’ म्हणतात. त्याच्याही पुढे फ्रान्सात पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, 1200 किलोमीटर, 90 तासांत. 1891 साली सुरू झालेली, आता चार वर्षांतून एकदा होते. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंचं 2015 साली पेपरात आलं होतं, अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलवर पार केली, ते माझ्या लक्षात होतं. मी ते काढलं तर साहेब हसले. म्हणाले, ‘ते फार वरचे लोक, काका. मी पोट सुटलं म्हणून सुरू केलं.’

पण मला गंमत वाटली ती त्यांच्या कार्डाची. वाटेत कंट्रोल असतात, तिथे कार्डावर वेळेची नोंद करून घ्यायची. कंट्रोल उघडायची वेळ ठरलेली, बंद व्हायचीही. अरे, हे तर आमचंच! कंडक्टर खिडकीशी यायचा, मी वेळ टाकून सही करायचो, गाडी सुटायची. मी लगेच हिशोब मांडला. पुण्याहून सकाळी सहाला निघाले, किणी टोलनाक्याच्या बाजूने वळून आले, शेंद्र्याला 290 किलोमीटर झाले. ताशी 15 ने 19 तास 20 मिनिटं, म्हणजे कंट्रोल बंद होणार एक वीसला. हे पोचले बारा चाळीसला. म्हणजे गाडी चाळीस मिनिटं बिफोर! ही 400 ची, म्हणजे पुढे 110 राहिले होते आणि सकाळी नऊपर्यंत वेळ होता. म्हटलं, मग सोडलंत का? तासभर आडवं होऊन निघायचं.

त्यांनी सायकलच्या दांड्यावर चिकटवलेला कागद दाखवला. गावं, अंतरं, वेळा. आणि तीन ठिकाणी लाल पेनाने लिहिलेलं: ‘थांबायचं तर इथे.’ त्यातलं एक शेंद्रे. घरी बसून, पोट भरलेलं असताना लिहिलेलं. म्हणाले, ‘रात्री एक वाजता डोकं चालत नाही, काका. तेव्हा ठरवायला गेलं की माणूस म्हणतो, अजून थोडं जाऊ. आणि मग खंबाटकीच्या बोगद्यात ट्रकच्या पुढे झोप लागते.’ अन्न टिकत नसेल तर शेंद्र्याला थांबायचं, हे आठवड्यापूर्वीच ठरलेलं. आयोजकांना फोन करून कळवलं, कार्डावर काट मारली. डीएनएफ म्हणतात त्याला, ‘डिड नॉट फिनिश’, म्हणजे पुरं न केलेलं. हा त्यांचा तिसरा. लाजत वगैरे काही नव्हते, आप्पांनाही सांगत होते.

मला पटलं. एक मात्र नाही पटलं आणि ते मी तोंडावर बोललो. तुमची पोरं ऑफिसात रात्र जागवतायत आणि तुम्ही सायकलवर, हे बरं दिसत नाही. आईने मला डोळ्यांनी दटावलं. साहेब थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, चूक आहे. राइडची तारीख चार महिन्यांपूर्वी ठरली होती, तुमचं तयार काम बाहेर सोडायचं, ते रिलीज, दोन आठवडे पुढे सरकलं आणि नेमकं त्या रात्रीवर आलं. राइड सोडायला हवी होती, मोह सुटला नाही.

रिलीज का सरकलं, हे मी विचारलं. ते सांगायला तयार नव्हते. मी कंट्रोलर होतो रे, गाडी लेट का, हे काढून घेतल्याशिवाय सोडत नसे.

तर तुझं काम तीन आठवडे अडलेलं होतं आणि तू सांगितलंस रिलीजच्या मूळ तारखेच्या आदल्या गुरुवारी. चहाडी म्हणून नाही सांगितलं त्यांनी, उलट ‘निखिलचं काम माझ्या टीममध्ये सगळ्यात नीटस’ असंच आधी म्हणाले. ‘पण अडला की गप्प होतो. रोज सकाळी विचारलं की म्हणतो, होतंय.’

‘होतंय.’ आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्याकडे बघत राहिली. हा शब्द कुणाचा, हे तिला विचारायची गरज नव्हती. तुझ्या बारावीच्या वेळी फेब्रुवारीत मी चार दिवस घरी नव्हतो, आठवतं? जादा ड्युटी सांगितलं होतं. दवाखान्यात होतो, छातीत दुखलं म्हणून. रोज फोनवर तू विचारायचास, बाबा कधी येताय, आणि मी म्हणायचो, होतंय, येतोच. आईलाही गप्प बसवलं होतं. तेव्हा वाटलं, पोराला सांभाळलं. परवा रात्री तसं वाटलं नाही.

साहेब चार तास मेल्यासारखे झोपले. तू म्हणतोस तो झोप न घेणारा माणूस मला तरी दिसला नाही. सकाळी उठल्या उठल्या तुला फोन केला, रिलीज झालं का विचारलं, आणि तुला झोपायला सांगितलं. ते मी ऐकलं. मग सायकल टपावर टाकून साडेदहाच्या स्वारगेट गाडीने गेले. तिकिटाचे पैसे मी देऊ केले तर नाही घेतले. पाण्याची एक बाटली विसरलीय, ती घेऊन जा.

आणि एक. माझ्या उजव्या डोळ्याला मोतीबिंदू आहे. दिवाळीपासून आहे, आईला गेल्या महिन्यात कळलं. ऑपरेशन 18 तारखेला, गुरुवारी. दोन दिवस तू इथे असलास तर बरं. साहेबांच्या कानावर मी रविवारीच घातलंय, पण रजा तुझी तू माग, आजच माग.

तुझा,
बाबा